कपाळातली रिंग

बोर्डाला रिंगा मारायचं काम मी सहा वर्षं करते आहे. डिजिटल बोर्ड, म्हणजे फ्लेक्सचं कापड, मशीनमधून छापून बाहेर आलं की त्याच्या चारी कडा दोन-दोन बोटं आत दुमडायच्या, सोल्यूशन लावून दाबायच्या, आणि मग दर दोन फुटांवर पितळेची एक रिंग ठोकायची. त्या रिंगेतनं दोरी जाते आणि बोर्ड खांबाला बांधला जातो. कोपऱ्यात रिंग हवीच. कोपरा मोकळा राहिला तर वारा तिथूनच बोर्ड फाडतो. हे काम खाली मान घालून करायचं असतं, कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडायचं. चार माणसांपुढं बोलायची मला लहानपणापासून धास्ती. शाळा चौथीत सुटली त्याला घरची कारणं होती, पण पाचवीचा वर्ग लांबच्या मोठ्या शाळेत होता आणि तिथं उभं करून नाव विचारतील, या भीतीनं मीही हट्ट धरला नाही.

दुकानाचे मालक माझ्या मुलापेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठे. डिप्लोमा करून त्यांनी एक जुनं मशीन घेतलं आणि आमच्या वरच्या गल्लीच्या तोंडाला दुकान टाकलं. ते मला मावशी म्हणायचे, मी त्यांना मालक म्हणायचे. कोल्हापुरात आम्ही बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतो, पण लिहिताना शाळेतल्या बाईंनी शिकवलं तसं लिहिते.

बोर्ड बहुतेक वाढदिवसाचे. मधे गॉगल लावलेला पोरगा, मिसरूड नुकतंच फुटलेलं, नावाच्या मागं किंग नाहीतर दादा, आणि खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून त्याच्या टोळीतल्या पोरांचे गोल गोल फोटो. त्या गोल फोटोंवरनं दुकानात रोज वाद. कुणाचा आधी, कुणाचा मोठा, कुणाचा राहिला. मला आधी हसू यायचं. मग एकदा एका पोराचा बोर्ड आला, तलवारीनं केक कापतानाचा. मी त्याला रिंगा मारल्या. दोन महिन्यांनी त्याच पोराचा श्रद्धांजलीचा बोर्ड आला. बोर्ड सांगायला आलेल्या पोरांनी फोटो तोच दिला, दुसरा नव्हताच. तलवार कापून टाकली. डोळ्यांवरचा गॉगल कसा काढायचा एवढंच काम उरलं होतं. मालक कॉम्प्युटरपुढं बसून राहिले. शेवटी म्हणाले, “मावशी, ह्याचं डोळं कसं हुतं, तुमाला आठवतंय का?” मला आठवत नव्हतं.

त्यानंतर त्यांनी एकेक नवी रीत काढायला सुरुवात केली. पहिली रीत, हत्याराचा फोटो छापायचा नाही, किंग-डॉन छापायचं नाही. पोरं हसली. “मालक, आता काय हरिपाठाचंच छापनार व्हय?” असं म्हणून दुसऱ्या दुकानात गेली. मालक म्हणाले, जाऊ देत. दुसरी रीत, पोराचा वाढदिवसाचा बोर्ड हवा असेल तर त्याच्या आईनं दुकानात यायचं, बोर्ड कॉम्प्युटरवर बघायचा आणि वहीत सही करायची. आई नको म्हणाली तर बोर्ड नाही. आया आल्या की त्यांच्याजवळ मी बसायचं, बाईमाणूस म्हणून. एका पोरानं भाड्यानं आणल्यासारखी कुणाची तरी मावशी आणली. तिला पोराचं आडनावही धड सांगता येईना.

खालच्या गल्लीतल्या एका पोराची आई मात्र खरी आली. धुणीभांडी टाकून आली होती, हात ओले होते.

मालकांनी विचारलं, “आक्का, घरात तलवार-बिलवार न्हाई न्हवं?”

ती म्हणाली, “कांदा चिराय धड इळी न्हाई, तलवार कुटली आलीया?” आणि मग कॉम्प्युटरवरच्या पोराकडं बराच वेळ बघत बसली. “मोटा दिसतोय की रं,” एवढंच म्हणाली. सहीच्या जागी तिनं अंगठा उठवला. तिचा अंगठा साबणानं इतका झिजला होता की शाईत रेघाच उमटल्या नाहीत.

वरची गल्ली आणि खालची गल्ली यांच्यात एक गटार आणि एक मारुतीचं देऊळ. पण पोरांचं वैर जुनं. कशावरनं सुरू झालं ते आता कुणालाच सांगता येत नाही. मालकांची तिसरी रीत त्यावरच होती. बोर्ड चढवायच्या कामाला त्यांनी दोन्ही गल्ल्यांतली पोरं घेतली आणि जोड्या लावल्या, एक वरचा, एक खालचा. एकानं शिडीवर चढायचं, दुसऱ्यानं शिडी धरायची. पुढच्या खांबाला उलट. मालकांचं म्हणणं, ज्याच्या हातात आपली शिडी आहे त्याच्याशी वैर धरून चालत नाही.

माझा मुलगा बारावी नापास होऊन घरीच होता. त्याची जोडी त्या ओल्या हाताच्या बाईच्या पोराशी लागली. पहिले आठ दिवस दोघं बोलले नाहीत. मग दुकानासमोरच्या खांबावर माझा मुलगा चढताना ऐकलं.

“धर की नीट. मरतो की मी हितनं.”

“मेलास तर तुजा बोर्ड फुकट मारतो. आन गॉगल ठिवतो, काळजी करू नगंस.”

दोघंही हसले. माझ्या मुलाला घरात हसताना मी बरेच दिवस पाहिलं नव्हतं. रोज सकाळी तो पोरगा आमच्या दारातून त्याला हाक मारायचा, आत मात्र यायचा नाही. वरच्या गल्लीत उंबरा ओलांडायची त्याला भीती होती. मी त्याला दारातच चहा द्यायचे. तो कप धुऊन परत द्यायचा.

ते बघून मालकांना वाटलं, जमलं. त्यांनी दोन्ही गल्ल्यांचे मिळून फुटबॉलचे सामने ठरवले. संघ गल्लीचे नाहीत, मिसळलेले. आणि त्याचा एक बोर्ड, देवळापाशी, दोन्ही गल्ल्यांना दिसेल असा. त्यावर सगळ्या पोरांचे फोटो. सगळे एकाच मापाचे, कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही, आणि क्रम नावाच्या पहिल्या अक्षरानं. यावर वाद होणार नाही, असं ते मला दोन-तीनदा म्हणाले. त्यांनी तो बोर्ड स्वतः बसून केला.

छापायच्या आदल्या दिवशी आणखी दोन पोरं नाव द्यायला आली. त्यांना नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. दोन फोटो वाढले, माप तर सारखंच ठेवायचं होतं, म्हणून कडेची मोकळी जागा गेली. फोटो थेट काठापर्यंत आले.

दुसऱ्या दिवशी तो बोर्ड माझ्यापुढं आला. कडा दुमडल्या तेव्हा सगळ्यात वरच्या ओळीतल्या शेवटच्या फोटोचा कान आत गेला. कोपऱ्याची रिंग जिथं बसायची तिथं त्या पोराचं कपाळ होतं. बरोबर मधोमध, जिथं टिळा लावतात तिथं. तो तोच पोरगा होता, माझ्या दारात चहा पिणारा.

मला दिसलं. हे मी इथं लिहून ठेवते, कारण दुसरीकडं मी ते तसं सांगितलं नाही. मी रिंगेचं मशीन हातात घेऊन मालकांकडं बघितलं. ते फोनवर होते, सामन्यांना पाहुणे कोण बोलवायचे त्यावर कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मी दोनदा तोंड उघडलं. एक गिऱ्हाईक माझ्याकडं बघायला लागलं तशी माझी मान खाली गेली. रिंग दोन बोटं खाली सरकवावी तरी ती कपाळातनं डोळ्यात गेली असती. मी दांडा दाबला. नेहमीसारखा टक्क आवाज झाला.

बोर्ड चढवायचं काम त्या दिवशी माझ्या मुलाच्या जोडीकडं नव्हतं. दोघांना शाहूपुरीत दुसरा बोर्ड लावायला पाठवलं होतं. देवळापाशी शिडीवर चढला तो आमच्या शेजारणीचा पोरगा, वरच्या गल्लीतला. आमचा नळ एक, भिंत एक. त्यानं वरच्या कोपऱ्यातनं दोरी ओढली आणि गाठ मारली. त्याला फोटो दिसला की नाही, कुणास ठाऊक. चढवणारा गाठीकडं बघतो.

संध्याकाळपर्यंत खालच्या गल्लीतल्या कुणीतरी त्या कोपऱ्याचा फोटो काढून स्टेटसला लावला. कपाळातनं दोरी आरपार गेलेली, मागं गाठ, रिंग दोरीखाली झाकलेली. खाली लिहिलं होतं, वरच्यांनी आपल्या भावाचं कपाळ फोडलं. माझ्या मुलानं मला तो मोबाईलवर दाखवला. “कुणी केलं आसंल गं?” त्यानं विचारलं. मी भाकरी थापत होते. थापतच राहिले.

मालकांनी सकाळी उठून बोर्ड उतरवला, पण फोटो तोवर सगळीकडं गेला होता. तो पोरगा दोन दिवस कामाला आला नाही. माझा मुलगा त्याला बोलवायला देवळापर्यंत गेला. तो पलीकडं उभा होता, गटार ओलांडून आला नाही. त्यानं एवढंच विचारलं म्हणे, “तुला ठावं हुतं का?” माझा मुलगा नाही म्हणाला. त्यानं विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारणीचा पोरगा देवळामागच्या गाड्यावर चहा प्यायला गेला होता. तिघं आले. त्यातल्या एकाच्या हातात ऊस तोडायचा कोयता. पोरानं डोकं वाचवायला हात वर केला. उजव्या हाताची चार बोटं गेली. कोयता ज्याच्या हातात होता तो दारात चहा पिणारा पोरगाच. त्याला अठरा पूर्ण होऊन सात महिने झाले होते, म्हणून तो कळंब्याच्या जेलात गेला. वाढदिवसाच्या ज्या बोर्डावर त्याच्या आईनं अंगठा दिला होता, तो याच अठराव्याचा.

सरकारी दवाखान्यात मी शेजारणीबरोबर गेले. ती मला म्हणाली, “कोण रांडंचा हुता गं, ज्यानं त्या कपाळात भोक पाडलं? माज्या पोरानं गाठ मारली, भोक न्हाई पाडलं.” मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. माझा हात जड झाला होता, पण मी तो काढला नाही.

पुढचे पाच-सहा दिवस आमच्या गल्लीतली पोरं कट्ट्यावर जमायची आणि मोठी माणसं आली की गप्प व्हायची. माझा मुलगा त्यांच्यात होता. तो बोलायचा नाही, जेवायचा नाही. एका दुपारी मी घरी लवकर आले तर तो कॉटखाली वाकला होता. मी दुकानातनं फ्लेक्सचे वाया गेलेले तुकडे घरी आणायचे, पावसाळ्यात पत्र्यावर टाकायला. त्यातल्याच एका तुकड्यात काहीतरी लांब गुंडाळलेलं त्याच्या हातात होतं. वरनं अर्धं ‘हार्दिक’ दिसत होतं.

मी विचारलं, “काय हाय त्यात?”

“काय न्हाई. तू दुकानात जा.”

“कुणाला मारनार हाईस?”

“त्याच्या भावाला. त्यो आत हाय न्हवं.” मग खाली बसला आणि म्हणाला, “मी त्याची शिडी धरली आये. सा म्हैनं. त्यो वर आसला की मी मान वर करून बगायचो, चुकून पाय सरकंल म्हणून.”

मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. रिंग मी मारली, आपल्या गल्लीतल्या कुणी नाही. मग तो म्हणाला, “हे कुणाला बोलू नगंस. खालच्यास्नी वाटंल मीच तुला रिंग तितं माराय सांगिटलं. आन आपली पोरं मला चपलंनं मारतील.” ते लांबडं मात्र त्यानं पुन्हा कॉटखाली सरकवलं. भावाला मारायचा बेत त्याच्या एकट्याचा नव्हता. तो थांबला म्हणून बाकीचे थांबणार नव्हते.

मी तशीच दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. मालकांना सांगताना मी टेबलाच्या कडेकडं बघत होते.

ते म्हणाले, “मला म्हाईत हाय, मावशी. बोर्ड उतरवला त्याच दिवशी फाईल उगडून बगितली. जागाच सोडली न्हवती मी. चूक माजी हाय.”

“मग तुमी बोलला का न्हाई?”

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाले, लोक म्हणतील, ह्याच्या शहाणपणापायी पोरगं अपंग झालं. दुकान जाळतील. पुढं कुणी काही करायला उभं राहणार नाही. मला त्यांचा राग आला नाही. मी ज्यासाठी गप्प होते, तेही त्यासाठीच गप्प होते, फक्त त्यांना ते नीट सांगता येत होतं.

त्यांनी पुन्हा एक रीत काढली. दोन्ही गल्ल्यांतल्या आयांना तालमीच्या हॉलमध्ये बोलवायचं. बाप नकोत, पोरं नकोत. “मी बोलतो,” ते म्हणाले, “तुमी नुसतं बसा.” मी म्हणाले, तुम्ही बोलू नका, मी बोलते. तुम्ही बोललात तर ते तुमचं दुकान बोललं असं होईल.

रविवारी सकाळी हॉलमध्ये पन्नासेक बायका जमल्या. वरच्या एका भिंतीला, खालच्या दुसऱ्या भिंतीला. मधे कुस्तीची माती नव्हती, नुसती फरशी होती, तरी ती कुणी ओलांडली नाही. पोरं बाहेर खिडकीला लोंबकळत होती. मी उभी राहिले तेव्हा माझ्या तोंडातनं आवाज आला नाही. शेजारीण ओरडली, “बोल की. का पाव्हण्यागत उबी हाईस?”

मी बोलले. कडा दुमडल्या, कोपऱ्यात रिंग लागतेच, तिथं फोटो आला, माझ्या हातून चुकून झालं. दोन मिनिटांत संपलं.

मग खालच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली, “मालकानं शिकवून पाठवलीया.” वरच्या बाजूनं दुसरी म्हणाली, “पोराला वाचवाय बघतीया, दुसरं काय.” खिडकीतनं एक पोरगं हसलं. “रिंगमास्टर हाय ती,” असं कुणीतरी म्हणालं आणि सगळी खिडकी हसली. शेजारीण माझ्याकडं बघत होती. “म्हंजे माज्या पोराची बोटं एका भोकापायी गेली व्हय?” तिनं विचारलं. आवाज अगदी हळू होता. “आन तू दवाखान्यात माज्या पाठीवर हात ठिवून उबी हुतीस?” मी हो म्हणाले. ती उठली आणि बाहेर गेली. नळावर तेव्हापासून ती माझी घागर भरेपर्यंत लांब उभी राहते.

त्या हसण्यानं एक झालं. बदला घ्यायचा तर कशाचा, हे पोरांना कळेना. बाईनं मशीन दाबलं म्हणून कुणाला तोडायचं? बेत आपोआप विरला, निदान आजपर्यंत तरी. मालक याला यश म्हणतात. मला म्हणता येत नाही. माझ्या मुलाला कट्ट्यावर सगळे रिंग्या म्हणायला लागले. दोन पोरांनी त्याला मारलं, फार नाही. महिन्याभरात तो माझ्या भावाकडं गडहिंग्लजला गेला, तिथं एका आडत दुकानात पोती मोजतो. कॉटखालचं काय केलंस विचारलं तर टाकलं म्हणाला. कुठं ते सांगितलं नाही. फोनवर फक्त माझ्या नवऱ्याशी बोलतो. ते फौंड्रीतनं आले की मी फोन त्यांच्या हातात देते आणि जवळ बसते.

मालकांनी आता बोर्डावर कुणाचाच चेहरा छापायचा नाही असं ठरवलंय. अक्षरं फक्त. गिऱ्हाईक कमी झालंय. मी काम सोडावं असं त्यांना कधी वाटलं नाही, मलाही सोडता आलं नाही.

गेल्या आठवड्यात ती धुणीभांड्याची बाई दुकानात आली. हॉलमध्ये ती दाराशी बसली होती. ती कळंब्याहून पोराला भेटून थेट आली होती. मालक बाहेर गेले होते. मी तिला पाणी दिलं. तिनं घेतलं नाही.

ती म्हणाली, “तू हॉलात बोललीस ते मी त्याला सांगिटलं. चुकून झालं म्हणून.”

“काय म्हटला?”

“म्हटला, तिच्या दारात मी रोज च्या पीत हुतो. रिंग मारताना तिला माजं तोंड दिसलं न्हाई व्हय?”

दुकानातलं मशीन चालू होतं. मी ते बंद केलं, कारण मला हळू बोलायचं होतं आणि ते तिला ऐकू जायला हवं होतं.

“दिसलं हुतं,” मी म्हणाले. “मालक फोनवर हुतं. चार माणसं उबी हुती. मला बोलायची लाज वाटली.”

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“लाज वाटली,” ती म्हणाली. “हे सांगू त्याला?”

“सांगा.”

तिनं पदर खोचला आणि पायऱ्या उतरून गेली. कळंब्याची पुढची भेट पंधरा दिवसांनी आहे.